पाठीची शिवण

"न लढलेल्या माणसाला लढाईचा आजार होतो का हो?"

हा प्रश्न मला माजी सैनिकांच्या रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, दुपारच्या चहाच्या वेळी विचारला गेला. विचारणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, किरकोळ बांध्याचे, विंचरलेल्या पांढऱ्या केसांचे होते. त्या वॉर्डात जीव देण्याचा प्रयत्न केलेले, किंवा तसा प्रयत्न करतील अशी भीती असलेले माजी सैनिक ठेवत, आणि समुपदेशक त्यांच्याशी कसे बोलतात याच्या अभ्यासासाठी माझे तिथे जाणे होते. प्रश्नाचे पुस्तकी उत्तर मला ठाऊक होते. पण "कोणाबद्दल विचारताय?" असे विचारताच "असंच, ओळखीचा आहे एक," असे म्हणून त्यांनी चहाचा पेला तोंडाला लावला. तो पेला केव्हाच रिकामा झालेला होता. पुस्तकी उत्तर माझ्या तोंडातच राहिले, आणि दुसरे कोणतेही उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

ते पेशाने शिंपी होते. सैन्यात भरती झाले ते शिंपी म्हणून, आणि निवृत्त झाले तेही शिंपी म्हणूनच. वडिलांचा धंदा तोच. मुख्य तळावरच्या शिलाईखोलीत, उत्तरेच्या खिडकीखालचे मशीन त्यांचे होते. वर्द्या तीन मापांत येत आणि जवान हजार मापांचे असत. त्या दोहोंची सांगड घालणे हे त्यांचे काम. बाह्या आखूड करायच्या, खांदे उतरवायचे, बढतीच्या फिती लावायच्या. एकदा एका पोट सुटलेल्या अधिकाऱ्याने विचारले होते, "काय हो, पोट जरा आत घेता येईल का?" त्यावर ते म्हणाले होते, "पोटाचं काम डॉक्टरांचं, साहेब. मी फक्त बटण सरकवतो." हा विनोद ते पुढे आयुष्यभर सांगत. शिलाईखोलीच्या गोष्टींपैकी घरी सांगण्याजोगी तेवढीच एक होती, असे त्यांच्या मुलीने मला सांगितले.

निवृत्तीनंतर त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकले. पत्नी वारली, मुलगी आणि नात त्यांच्याकडेच राहू लागल्या. जावई दूरच्या शहरात नोकरीला. सगळे सुरळीत चालले आहे असे वाटण्याजोगे दिवस होते. मग २०१४ सालच्या हिवाळ्यात एका आठवड्यात असे काही घडले की त्यांना बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणावे लागले. जीव वाचला. शरीर सावरल्यावर त्यांना दुसऱ्या मजल्यावर हलवण्यात आले. मुलीने शेजारी सांगितले, की बाबांचे पोटाचे ऑपरेशन आहे.

त्या मजल्यावरच्या समुपदेशक बाईंना सगळे रुग्ण 'ताई' म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. ताईंची पद्धत सरळ होती. आडवळणे घेत बसायचे नाही, "जीव द्यावासा वाटतो का?" हे त्याच शब्दांत विचारायचे. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत त्यांना मान्य नव्हती. जो आधीच आत आहे त्याला बोलायला जागा मिळते, असे त्या म्हणत. मग रुग्णासोबत बसून एक आराखडा करायचा. वाईट विचार येऊ लागला की तो आधी कशावरून ओळखायचा, त्या वेळी एकट्याने काय करता येईल, कोणाजवळ जाऊन बसायचे, कोणाला फोन करायचा, घरात काय नजरेआड आणि कोणाच्या ताब्यात ठेवायचे. घरी गेल्यावरही त्या स्वतः फोन करीत, कारण रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

या सगळ्याच्या आधी असे गटाची बैठक. खुर्च्या गोल मांडायच्या आणि नव्याने आलेल्याने आपली पलटण, हुद्दा आणि 'कुठे होतो' ते सांगायचे. ही प्रथा ताईंनीच पाडलेली. सैनिक मनातले सांगत नाही, पण ठिकाण सांगतो; ठिकाणाचा धागा धरून मनापर्यंत जाता येते, हे त्यांचे निरीक्षण होते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरे ठरत असे.

शिंप्यांची पाळी आली त्या दिवशी त्यांच्या आधी बोललेला माणूस सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेला होता.  ताईंनी हलक्या आवाजात विचारले, "काका, तुमची पलटण?" त्यांनी सांगितली. "आणि कुठे होतात?"

ते आपल्या सपातांकडे पाहत राहिले. शिलाईखोलीत, हे उत्तर त्यांच्या जिभेवर होते, असे ते मला पुढे म्हणाले. पण त्या गोलात, त्या पाय गमावलेल्या माणसाच्या शेजारी, ते शब्द बाहेर पडेनात. "नदीपलीकडच्या चौकीवर," ते म्हणाले.

त्या चौकीचे नाव खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. शत्रूने वेढा घातला आणि मदत पोचेपर्यंत सगळे संपले, एवढेच लोक ऐकून होते. गटात एक माजी बिगुलवादक होता, सगळे त्याला 'बिगुल' म्हणत. एरवी तोंडाला टाळा नसलेला हा माणूस पुढे झुकला. "तिथून वाचलं होतं कोणी?"

"एक," शिंपी म्हणाले.

आणि मग ते बोलू लागले. एक जवान इतका उंच होता की कोणत्याही वर्दीत त्याची मनगटे बाहेर येत. एकाचा डावा खांदा वायरलेसचे ओझे वाहून उतरला होता. एकाने आपला फाटलेला खिसा लाल दोऱ्याने शिवला होता, कारण खाकी दोरा मिळाला नव्हता. त्या खिशाला तो दोन बोटांनी झाकीत असे. हे ऐकताना कोणाच्या मनात शंका येणे शक्य नव्हते. असे तपशील कोणी बनवून सांगत नाही. ते त्यांनी बनवलेले नव्हतेच. त्या माणसांना ते ओळखत होते हे खरे होते. कसे ओळखत होते, ते खोटे होते. खिसा झाकणारी बोटे मात्र त्यांनी पाहिलेली नव्हती. ती त्यांनी मनाने लावली.

त्या दिवसापासून ते 'चौकीवाले काका' झाले. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. वर्तमानपत्र आधी त्यांच्या हातात. बिगुल येता-जाता टाच जुळवून सलाम ठोकी. ताईंनी त्यांच्यासाठी काही बैठका स्वतंत्र ठेवल्या. सोबती गेले आणि आपण उरलो, ही बोचणी कशी काम करते हे त्या त्यांना समजावून सांगत. "तुम्ही जिवंत राहिलात हा तुमचा गुन्हा नाही, काका," असे पुन्हापुन्हा म्हणत. काका मान हलवीत. काय म्हटले की ताईंचा चेहरा उजळतो हे त्यांना हळूहळू कळू लागले. ते जेवू लागले, झोपू लागले. थेट प्रश्नाला "नाही, ताई" असे उत्तर देऊ लागले. बाहेरून शिकायला आलेल्या मुलामुलींपुढे ताईंनी नाव न घेता त्यांचे उदाहरण दिले. आराखडा तयार झाला, सुटीचा दिवस ठरला.

वॉर्डात सुई ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून सगळ्यांचे कपडे खिळखिळे झालेले असत. बिगुलची पँट शिवणीत उसवली होती. चौकीवाले काका त्या शिवणीकडे चुकूनही पाहत नसत.

मुलगी एक दिवसाआड धुतलेले कपडे घेऊन येई आणि खुर्चीच्या कडेवर बसे. एकदा बिगुलने तिला गाठले. "तुमचे वडील म्हणजे आमच्या मजल्याची शान आहेत. त्या चौकीचं नाव काढलं की अंगावर काटा येतो."

तो गेल्यावर मुलीने विचारले, "बाबा, ते कसली चौकी म्हणत होते?"

"त्याचं डोकं ठिकाणावर नाही," ते म्हणाले. "म्हणून तर इथे आहे."

मुलगी हसली. त्या हसण्याने आपण आतून जळून गेलो, असे ते नंतर म्हणाले. खोटे बोललो, तेही एक वेळ ठीक. पण ज्याने रोज सलाम केला त्यालाच वेडा ठरवला.

सुटी दोन दिवसांवर आली असताना गटात एक नवा माणूस आला. भरदार अंगाचा, घोगऱ्या आवाजाचा. सैन्यात ट्रक चालवायचा. ताईंनी नेहमीप्रमाणे विचारले, "कुठे होतात, दादा?"

"रसद पोचवायचो. नदीपलीकडच्या चौकीला."

बिगुल खुर्चीवरून उठलाच. "अरे वा! म्हणजे आमच्या काकांची आणि तुमची ओळख असणार! हे तिथून वाचलेले!"

ड्रायव्हरने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"तिथून कोणी वाचलं नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना मीच खाली आणलं. आणि यांना मी ओळखतो. हे आतल्या खोलीतले शिंपी. मी गाडी मागे लावायचो, हे दार उघडायचे."

 मग बिगुलचा आवाज आला. तो दुष्टपणाने बोलला असे मला वाटत नाही. गप्प बसणे त्याला जमतच नसे. "म्हणजे इतके दिवस मी शिंप्याला सलाम ठोकत होतो? आणि माझी पँट उसवली ती उसवलीच!"

दोघे-तिघे हसले. शिंपी उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते, पण चेहऱ्यावर काहीच नव्हते. त्यांनी आपली खुर्ची इतरांच्या ओळीत नीट लावली, "माफ करा," असे कोणाकडेही न पाहता म्हटले आणि ते बाहेर गेले. ताईंनी परिचारिकेला गटात बसवले आणि त्या त्यांच्यामागे गेल्या.

पुढचे संभाषण मला दोघांनीही, वेगवेगळे आणि पुष्कळ नंतर सांगितले. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता.

शिंपी आपल्या खाटेवर बसून ब्लँकेटची घडी घालत होते. ती आधीच घातलेली होती. ते ती मोडून पुन्हा घालत होते. ताई समोरच्या स्टुलावर बसल्या. खोटे का बोललात, हा प्रश्न ओठांवर आला होता आणि तो गिळताना आपल्याला फार कष्ट पडले, असे त्या म्हणाल्या. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला.

"काका, आत्ता जीव द्यावासा वाटतोय?"

"हो," शिंपी म्हणाले. आणि जरा वेळाने, "तुमच्याशी आज पहिल्यांदा खरं बोललो बघा."

"मग मी इथून हलत नाही."

"परवा घरी जायचंय ना मला?"

"परवा नाही जायचं. आणि ही शिक्षा नाही, काका."

"शिक्षा असती तर बरं झालं असतं." त्यांनी घडी पुन्हा मोडली. "ताई, तुम्ही रोज ज्याला समजावत होतात ना, तो बरा व्हावा असं मलाही फार वाटायचं. चांगला माणूस होता तो. मी नुसता त्याच्या खाटेवर झोपत होतो."

आपल्या पंधरा वर्षांच्या कामात इतकी लाज कधी वाटली नव्हती, असे ताई मला म्हणाल्या. हा माणूस आपल्याला फसवत होता याची ती लाज नव्हती. एक माणूस समोर बसून आपल्याला आवडेल ते बोलत होता आणि ती प्रगती म्हणून आपण शिकाऊ मुलांना दाखवली, याची होती.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी कुठे होतात ते विचारलं. काय करायचात ते विचारलंच नाही."

"विचारलं असतंत तरी मी खोटंच बोललो असतो. त्या पायवाल्याच्या शेजारी बसून काय सांगू, काजं करायचो?"

"आता सांगा. काय करायचात?"

शिंपी बोलले ते ब्लँकेटकडे पाहत. लढाईच्या वर्षांत शिलाईखोलीच्या मागचे दार उघडले गेले. त्या दारामागच्या खोलीत मृत जवानांना शेवटची वर्दी चढवली जाई. हात सफाईने चालतो आणि माणूस बोलत नाही, म्हणून ते काम त्यांच्याकडे आले.

"मेलेला माणूस हात वर करत नाही, ताई. मग बाही चढणार कशी? वर्दी पाठीतून उघडायची, कॉलरपासून कमरेपर्यंत. समोरून चढवायची, कडा पाठीखाली दुमडायच्या, नाड्या बांधायच्या. समोरून इस्त्री कडक. घरच्यांना समोरूनच दिसतं." ते थांबले. "चौकीवाल्यांना मी तसंच ओळखतो. मनगटं, खांदे. लाल दोऱ्याचा खिसा मी तसाच राहू दिला. नियमाने बदलायला हवा होता."

"हे घरी कोणाला माहीत आहे?"

"बायकोलासुद्धा नव्हतं."

 काहीतरी अजून बाकी आहे एवढे ताईंना कळत होते. या वेळी त्यांनी आपल्या मनाने काही पुरवायचे नाही असे ठरवले होते.

"नातीला शाळेचा गणवेश हवा होता," शिंपी म्हणाले. "दुकानातला तिला खांद्यात बसत नाही. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हीच शिवा. मी मन लावून शिवला. काजं हाताने केली. पोरीने घातला, आरशासमोर उभी राहिली. समोरून इतकी छान दिसत होती. मग ती वळली."

ताईंच्या ते लक्षात यायला एक क्षण लागला.

"पाठ उघडी होती. कॉलरपासून कमरेपर्यंत. कडा दुमडलेल्या, नाड्या लावलेल्या. एक टाका इकडचा तिकडे नाही. मी ते कधी केलं मला आठवत नाही, ताई. हातांनी केलं. मुलगी हसायला लागली. म्हणाली, बाबा, शाळेचा ड्रेस आहे, बाळाचं झबलं नाही, नजर गेली तुमची! पोरगी हसली, गिरकी घेऊन दाखवली. मीही हसलो. जिवंत पोर माझी, आणि मी तिला..."

 त्याच आठवड्यात त्यांना रुग्णालयात आणले गेले होते.

ताईंनी सांत्वनाचे काही म्हटले नाही. त्या म्हणाल्या, "आपण आराखडा पहिल्यापासून करू. या वेळी तुमचा. पण त्यात मुलगी लागेल, काका. तिला हे सांगावं लागेल."

"नाही."

"का?"

"ती पोरीला माझ्याजवळ येऊ देणार नाही. आणि तिचं बरोबरच असेल."

भीती होती ती ही. बाकीची सगळी लाज ते पांघरून झोपू शकले असते. नात दुरावणे त्यांना सोसण्यासारखे नव्हते. आणि न सांगता घरी जाणे म्हणजे त्याच पुढच्या खोलीत, त्याच मशीनसमोर, हसण्यावारी नेलेल्या त्याच चुकीशेजारी जाऊन बसणे.

मोठ्या डॉक्टरांशी बोलून ताईंनी सुटी रद्द करवली. काही दिवस शिंप्यांच्या जवळ सतत कोणीतरी असे. ताई रोज येत आणि रोज तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारीत. उत्तर कधी "हो" येई, कधी "सकाळी होतं, आत्ता नाही." सारखे "नाही" येण्यापेक्षा हे उत्तर आपल्याला जास्त आश्वासक वाटत होते, असे ताई म्हणतात.

गटात ते जात नसत. एका संध्याकाळी बिगुल वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या खाटेशी आला.

"घ्या, काका."

"शिंप्याला कशाला?"

बिगुल खाटेच्या पायथ्याशी बसला. "मी कुठे लढलो होतो? फुंकर मारायचो. त्या पेट्या ओळीने ठेवायचे, आणि मी शेवटचं वाजवायचो. आत कोणाला काय घातलंय, कोणी घातलंय, कधी मनात आलं नाही." थोडे थांबून तो म्हणाला, "त्या दिवशी मी हसलो. रात्री पँटकडे बघून लाज वाटली."

शिंप्यांना राहवले नाही. "मीही तुमच्याबद्दल मुलीला एक सांगितलंय. तुमचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून."

"त्यात खोटं काय?" बिगुल म्हणाला. "या मजल्यावर येऊन तुम्ही तेवढं एकच तर खरं बोललात."

मुलीची भेट ताईंच्या खोलीत ठरली. शिंप्यांनी स्वच्छ सदरा घातला होता आणि वरचे बटण लावले होते. मुलगी आत येताच सांगू लागली, की शेजारच्या काकू रोज विचारतात, टाके कधी निघणार.

"निघाले म्हणून सांग," शिंपी म्हणाले.

 ताईंनी शिंप्यांसाठी वाक्य सुरू करून दिले नाही. शेवटी ते जमिनीकडे पाहत बोलू लागले आणि थांबले ते आरशासमोरच्या गिरकीपाशी. मुलीचा हात पर्सच्या चेनवर होता. ती चेन तिने अर्धी उघडली होती आणि तशीच धरून ठेवली होती.

"मी हसले," ती म्हणाली.

"सगळेच हसलो, बाळ."

"मला वाटलं तुम्हाला वय झाल्याची लाज वाटली. म्हणून मी आणखी मोठ्याने हसले, तुम्हाला हलकं वाटावं म्हणून." ती रडत नव्हती. "आणि तुम्ही इथे आलात तर मी लोकांना ऑपरेशन सांगितलं."

"तो गणवेश टाकून दिलास ना?"

"नाही. मी पाठ शिवून टाकली. ती तोच घालून जाते."

शिंपी ताठ झाले. "तो नको घालू देऊस. ऐक माझं."

"तिला दुसरा नको आहे. हाताची काजं मैत्रिणींच्या ड्रेसला नाहीत म्हणते. मी काय करू?"

 मग शिंप्यांनी हळूच विचारले, "कोणती टीप घातलीस?"

"कोणती म्हणजे? मशीनवर होती ती. वाकडी गेलीय."

"आतल्या कडा कच्च्याच ठेवल्या असशील."

"असतील."

"टोचतील तिला."

मुलीने नाक पुसले. ताईंनी मला नंतर सांगितले, की तेवढ्या एका शब्दावर भाळू नये म्हणून त्यांनी स्वतःला आवरले. एकदा त्या भाळल्या होत्याच. आणि आवरले ते बरेच झाले, कारण त्यानंतर शिंप्यांनी खरा प्रश्न विचारला.

"पोरीला माझ्याजवळ ठेवशील?"

मुलीने पर्सची चेन ओढून बंद केली. "ठेवीन," ती म्हणाली. "पण लगेच एकटं नाही, बाबा. तुम्ही दोघंच घरात, असं आत्ता नाही. मला भीती वाटते."

शिंप्यांनी मान खाली घातली. "बरोबर आहे," ते म्हणाले. हे ऐकण्याची लाज त्यांना घालवता आली नाही आणि ती घालवण्याचा प्रयत्न तिथे कोणी केलाही नाही. पण ज्याला ते भीत होते ते ऐकून झाले होते, आणि त्यात 'ठेवीन' हा शब्द आधी आला होता.

नवा आराखडा त्या तिघांनी मिळून केला. त्यातली पहिली खूण कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही: रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या पाठीकडे पाहून मनात माप घेतले जाऊ लागले, की वाईट वेळ जवळ आली असे समजायचे. तसे झाले की मशीनसमोरून उठायचे आणि मुलगी असेल त्या खोलीत जाऊन बसायचे, बोलणे नसले तरी चालेल. मग बिगुलला फोन. मग ताईंना, आणि त्यानेही भागले नाही तर सरळ रुग्णालयात. घरातली औषधे आणि कात्र्या मुलीच्या कपाटात. कात्र्यांचे त्यांनी स्वतःच सुचवले. मुलीला ते सुचले होते, पण तिला वडिलांकडे कात्री मागण्याची लाज वाटत होती.

ते आणखी काही आठवड्यांनी घरी गेले. त्याआधी एकदाच गटात आले. ड्रायव्हर तिथे होता. तो त्यांच्याशी बोलला नाही, फक्त आपली खुर्ची सरकवून त्याने शेजारी जागा केली. शिंप्यांनी सांगितले, "मी शिलाईखोलीत होतो," आणि ते बसले. त्याहून जास्त बोलले नाहीत.

सुटीनंतर ताई फोन करीतच; बिगुलही करी. "काका, हजेरी!" तो ओरडे, आणि इकडून "हजर" असे उत्तर येई. एकदा उत्तर आले नाही, "जरा थांब" आले. त्या दिवशी बिगुल बसने निघून त्यांच्या घरी जाऊन बसला आणि शिंप्यांनी त्याची पँट शिवून दिली.

गटातला पहिला प्रश्न ताईंनी बदलला. आता त्या विचारतात, "रोज सकाळी उठून काय करायचात?" या बदलाने सगळे सुधारले असा दावा त्या करीत नाहीत. पण मुदपाकखान्यातला एक माणूस आणि तारा जोडणारा एक माणूस, जे आधीच्या पद्धतीत गप्प बसून होते, ते बोलले. शिकाऊ मुलांना त्या ही चूक दरवर्षी स्वतः सांगतात, आणि दरवर्षी सांगताना त्यांची मान लाल होते.

शिंप्यांची लाज पूर्ण गेली नाही. माजी सैनिकांच्या समारंभाची आमंत्रणे येत, ते जात नसत. लहान मुलांचे कपडे त्यांनी पुन्हा शिवले नाहीत. पडदे, पिशव्या, गाद्यांच्या खोळी एवढेच शिवत. त्या गणवेशाच्या आतल्या कडा मात्र एका दुपारी त्यांनी हाताने मारून दिल्या, मुलगी समोर बसलेली असताना. नात तो अंगाला येईनासा होईपर्यंत घालत राहिली. त्यानंतर बरीच वर्षे माझे त्यांच्या घरी जाणे होते, आणि पहिल्या दिवशीचा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही.

मे २०२३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या नोंदीत व्यवसायाच्या जागी त्यांच्या मुलीने 'शिंपी, सैन्यदल' असे लिहिले.